नव्या चॅप्टर लीडने पहिल्या वर्षात काय करावं

चॅप्टर लीड, म्हणजे वेगवेगळ्या टीममध्ये बसणाऱ्या पण एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांचा मॅनेजर, झालात की एचआरच्या सिस्टिममध्ये आठ-नऊ जण तुमच्या नावाखाली दिसायला लागतात. त्यांच्या रजा तुमच्याकडे मंजुरीला येतात, अप्रेझल तुम्हीच लिहायचं असतं, पगारवाढीच्या वेळी भांडायचं तेही तुम्हीच. पण त्यातल्या एकालाही 'आज हे कर' असं सांगायचा अधिकार तुम्हाला नसतो. कुठलं काम आधी, हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो. ते कसं करायचं, हे टीम ठरवते. मग आपण नक्की कशाचे लीड, असा प्रश्न पडतो.

मी पुण्यात खराडीतल्या एका कंपनीत बॅकएंडची (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची) चॅप्टर लीड आहे. माझी माणसं चार स्क्वॉडमध्ये, म्हणजे छोट्या टीममध्ये, विखुरलेली आहेत आणि मी स्वतः त्यातल्या एकात अर्धा वेळ कोड लिहिते. कुठे या कामाला पीपल लीड म्हणतात, कुठे इंजिनिअरिंग मॅनेजर. पाटी वेगळी असली तरी रोजचा घोळ तोच.

हा घोळ का होतो तेही बघा. स्क्रम म्हणजे स्प्रिंट नावाच्या छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत. तिच्या गाइडच्या 2020 च्या आवृत्तीत टीममध्ये तीनच जबाबदाऱ्या आहेत: प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर (ही पद्धत नीट चालते ना ते बघणारा) आणि डेव्हलपर्स. टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची आणि तिच्या आत उतरंड नाही. पगार, बढती, आजारपण, राजीनामा यांचा त्यात विषयच नाही, कारण ते पुस्तक त्यासाठी लिहिलेलंच नाही. या आवृत्तीच्या आधी, 2012 मध्ये, हेन्रिक क्निबर्ग आणि अँडर्स इव्हार्सन यांनी स्पॉटिफायमधल्या रचनेवर एक लेख लिहिला आणि स्क्वॉड, ट्राइब, चॅप्टर, गिल्ड हे शब्द जगभर पसरले. त्यात चॅप्टर लीड आपल्या माणसांचा लाइन मॅनेजर असतो आणि स्वतः एका स्क्वॉडमध्ये रोजचं कामही करतो. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग उचलला आणि जुन्याच प्रोजेक्ट मॅनेजरला नवं नाव दिलं. तुम्ही तसे होऊ नये एवढ्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

काम वाटू नका, काम बघा

स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, गेलात तर तोंड उघडू नका. ती पंधरा मिनिटं डेव्हलपर्सनी आपापसात आजचं जुळवून घ्यायची आहेत. पगारवाढ ठरवणारा माणूस कॉलवर आला की सगळे त्याच्याकडे वळून हजेरी दिल्यासारखं बोलायला लागतात, आणि 'मी अडकलोय' हे वाक्य त्या दिवसापासून गायब होतं. मी माझ्या स्वतःच्या स्क्वॉडचा सोडून बाकी कुठल्याच स्टँडअपला जात नाही. रेट्रोला (स्प्रिंट संपल्यावर काय चुकलं, काय जमलं हे टीम बोलते त्या बैठकीला) तर बोलावल्याशिवाय अजिबात नाही.

मग माणसाचं काम कळणार कसं? पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे इतरांनी तपासावा म्हणून टाकलेला कोड) वाचा. रोज सकाळी पाऊण तास मी चारही स्क्वॉडचे पीआर आणि त्यांवरच्या कमेंट चाळते. कुणाचा पीआर तीन दिवस पडून राहतो, कोण न वाचताच मंजुरीचा अंगठा टाकतो, कोण नव्या पोराला दोन ओळींत नीट समजावतं, हे सगळं तिथे उघड दिसतं. दुसरी जागा म्हणजे स्प्रिंट रिव्ह्यू, टप्प्याच्या शेवटी झालेलं काम दाखवायची बैठक. तिथे डेमो कोण देतं यापेक्षा प्रश्न आल्यावर सगळे कुणाकडे बघतात हे बघा. तो माणूस बहुतेक वेळा गप्प बसणारा असतो, आणि मार्चमध्ये अप्रेझलला त्याचं नाव तुम्हाला पुढे करायचं असतं.

स्वतः कोड लिहीत राहा, पण ज्या स्टोरीवर (कामाच्या तुकड्यावर) दुसरं कुणी अडून बसलंय ती घेऊ नका. तुमच्या मीटिंगांपायी ती लटकणार. कधी पास तर कधी फेल होणाऱ्या टेस्ट, बिल्डच्या स्क्रिप्ट, लॉगिंगची साफसफाई, असलं काम घ्या. त्यातून पोरं रोज कशाशी झगडतात ते हाताला कळतं.

वन-ऑन-वन

दर पंधरवड्याला अर्धा तास, प्रत्येकाशी, दोघांतच. रद्द करायचा नाही. रिलीज (नवा कोड ग्राहकांसाठी चालू करणं) आडवा आला तर दुसऱ्या दिवशी ठेवायचा. तुम्ही दोनदा रद्द केलंत की समोरच्याने ओळखलेलं असतं आपली किंमत काय आहे ते.

जागा त्या माणसाला निवडू द्या. काहींना गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत बोलायला बरं वाटतं. काहींना तिथे बाकीचे बघतात म्हणून अवघड होतं, त्यांना कोपऱ्यातली खोली हवी असते. भाषाही त्यांनाच निवडू द्या. माझ्या चॅप्टरमध्ये विजयवाड्याचा एक, रांचीचा एक, दोघी बंगाली, बाकी सातारा-लातूर-जळगाव. आपण मराठी मंडळी चार जण जमलो की सहज मराठीत सुरू होतो आणि बाकीचे मोबाइल काढतात. वन-ऑन-वनमध्ये चालेल, टीमच्या कॉलवर ते टाळायचं. आणि तुमच्याहून वयाने मोठा माणूस तुमच्याकडे रिपोर्ट करत असेल तर ऑफिसात सगळे पहिल्या नावाने हाक मारतात म्हणून तुम्ही 'तू' वर येऊ नका. माझ्याकडे असे एक आहेत, माझ्याआधी कितीतरी वर्षं या धंद्यात आलेले. मी त्यांना अहो-जाहोच करते, आणि तेही मला.

'कसं चाललंय?' याला 'ठीक' हेच उत्तर येणार. त्यामुळे प्रश्न असा विचारा की ज्याला घटनेनेच उत्तर द्यावं लागेल. गेल्या स्प्रिंटमध्ये कुणाच्या उत्तराची वाट बघत बसावं लागलं? कुठलं काम पुन्हा करावं लागलं? कुठल्या मीटिंगला नसतास तरी चाललं असतं? आमच्यातल्या एकीशी झालेलं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं देते.

"रिलीजच्या रात्री झोपलीस किती वाजता?"

"अडीच. तीन असतील."

"आणि त्याच्या आधीच्या रिलीजला?"

"तेव्हापण तेवढेच."

"कॉलवर अजून कोण होतं?"

"कुणी नाही. मी पीजीत राहते ना ताई. बाकी सगळ्यांना घरी लहान मुलं आहेत."

म्हणजे कुणी ठरवलेलं नाही, कुणी लादलेलं नाही, तरी प्रत्येक रात्रीचं रिलीज चंदननगरच्या पीजीत राहणाऱ्या एकाच मुलीकडे जातंय. टीमच्या कामांच्या बोर्डावर हे दिसत नाही, कारण बोर्डावर तिकीट बंद झालेलं असतं. तिला विचारलं, रेट्रोत तू मांडशील की मी स्क्रम मास्टरशी बोलू? ती म्हणाली, तुम्ही बोला, पण माझं नाव नको. मी तिला स्पष्ट सांगितलं की एवढ्याशा स्क्वॉडमध्ये नाव न घेताही कळेलच. म्हणून आम्ही प्रश्न स्क्वॉडमधून उचलून चॅप्टरमध्ये आणला: चारही स्क्वॉडमधल्या बॅकएंडवाल्यांची मिळून रात्रीच्या रिलीजची एकच पाळी, आणि रात्र जागलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी. लहान मुलंवाल्यांनी शनिवारच्या सकाळच्या पाळ्या मागून घेतल्या. प्रॉडक्ट ओनरच्या प्राधान्यक्रमाला कुठे हात लागला नाही, टीमच्या कामाच्या पद्धतीला लागला नाही, आणि मुलीची झोप परत मिळाली. चॅप्टर लीडचं काम कुठे असतं असं मला कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते.

नोंद ठेवा, पण समोर लॅपटॉप उघडून टकटक करू नका. मी वहीत प्रत्येकाला काही पानं दिली आहेत. डावीकडे ते काय म्हणाले, उजवीकडे मी काय कबूल केलं आणि कधीपर्यंत. पुढच्या भेटीत सुरुवात उजव्या पानापासून.

कडू बोलायचं असेल तेव्हा

दोन दिवसांच्या आत, एकांतात, एकाच कृतीबद्दल. आधी कौतुक, मग तक्रार, मग पुन्हा कौतुक असं गुंडाळून देऊ नका. लोक मधलं सोडून बाकी ऐकतात. आणि टोमणा म्हणजे फीडबॅक नव्हे, हे पुण्यात मुद्दाम लिहून ठेवावं लागतं.

आमच्या एका सीनियरने एका फ्रेशरच्या पीआरवर 'हे कुणी लिहिलंय?' एवढीच कमेंट टाकली होती. मी त्याला बाजूला घेतलं. "नाव वरच दिसत होतं. त्या कमेंटनंतर त्याने दोन दिवस एकही पीआर टाकलेला नाही." तो उसळला, "मग काय, चुकीचा कोड पास करू?" म्हटलं, "नको करूस. काय चुकलंय ते लिही. ट्रान्झॅक्शन लूपच्या आत उघडतोय, बाहेर काढ, एवढं लिहिलं असतंस तर तुझा वेळ वाचला असता आणि त्याचाही." स्वभाव, वृत्ती, अ‍ॅटिट्यूड हे शब्द मी बोलण्यात येऊच देत नाही. कमेंट बदलता येते, स्वभावावर वाद घालून दोघांची दुपार जाते.

अप्रेझल

इथे सगळ्यात जास्त घाण होते, म्हणून थोडं सविस्तर.

व्हेलॉसिटी आणि स्टोरी पॉइंट माणसाच्या अप्रेझलमध्ये आणू नका. पॉइंट हा स्टोरी किती मोठी आहे याचा टीमने स्वतःसाठी बांधलेला अंदाज असतो, आणि व्हेलॉसिटी म्हणजे एका स्प्रिंटमध्ये संपलेल्या पॉइंटची बेरीज. त्यावर कुणाची पगारवाढ ठरतेय असा वास जरी आला तरी पुढच्या प्लॅनिंगपासून तीनची स्टोरी पाचची होते, पाचची आठची. शिवाय एका स्क्वॉडचा पाच आणि दुसऱ्या स्क्वॉडचा पाच यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. वरून कुणी 'प्रत्येकाचे पॉइंट काढून द्या' म्हणालं तर हेच दोन मुद्दे शांतपणे सांगा आणि आकड्यांऐवजी घटना द्या.

घटना गोळा करायला मार्चची वाट बघू नका. एप्रिल ते मार्च असं वर्ष असेल तर फेब्रुवारीत फॉर्म उघडतो, आणि तोपर्यंत जूनमध्ये केलेलं काम कुणाला आठवत नाही. ते काम ज्याने केलं त्यालाही. मी दर तिमाहीला प्रत्येकाबद्दल तिघांना विचारते: प्रॉडक्ट ओनर, स्क्वॉडमधला एक सहकारी, आणि क्यूए (टेस्टिंग) किंवा फ्रंटएंडकडचा एक जण. 'कसा आहे तो?' असं विचारलं तर 'छान आहे, टीम प्लेअर आहे' यापलीकडे काही हाती लागत नाही. प्रश्न असा विचारा: गेल्या तीन महिन्यांत त्याच्यामुळे तुझं एखादं काम सोपं झालं का, कुठलं? एखादं अवघड झालं का? ज्याला एकही उदाहरण आठवत नाही, त्याच्या मताला तेवढंच वजन द्यायचं.

लिहिताना विशेषणं काढून टाका. 'मेहनती, ओनरशिप घेतो' हे मी दुसऱ्या लीडच्या फॉर्मवरही चिकटवू शकते. त्याऐवजी असं लिहा: 'पेमेंट सेवेतल्या टाइमआउटचा दोन स्क्वॉडना त्रास होत होता आणि तो कुणाच्याच बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) नव्हता. याने लॉग वाचून कारण शोधलं, दुरुस्ती लिहिली आणि दोन्ही टीमना एकत्र बसवून समजावली.' कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळे लीड मिळून रेटिंग पक्की करतात त्या, खोलीत बेल कर्व्ह (वरचं रेटिंग मोजक्यांनाच, असा साचा) टेबलावर असतो आणि प्रत्येक लीड आपापल्या पोरांसाठी भांडत असतो. तिथे विशेषण पहिल्या दोन मिनिटांत मरतं. घटना टिकते, कारण समोरच्या टेबलावरचाच कुणीतरी म्हणतो, हो, आमच्याकडेच झालं होतं ते.

रेटिंग सांगताना फॉर्ममध्ये असं एकही वाक्य नको, जे त्या माणसाने आधी तुमच्या तोंडून ऐकलेलं नाही. आणि मनासारखं मिळालं नसेल तर 'माझ्या हातात नव्हतं, वरून आलं' असं म्हणू नका. तुम्ही त्या खोलीत बसला होतात. काय मांडलंत, कशामुळे कमी पडलं, पुढच्या वर्षी कुठलं काम हातात आलं तर चित्र बदलेल, एवढं सांगा. तो चिडेल. चिडू द्या. समजूत काढायची घाई करू नका, आठवड्याने पुन्हा बसा.

प्रॉडक्ट ओनर आणि स्क्रम मास्टर

रुजू झाल्यावर लगेच या दोघांबरोबर तासभर बसा आणि कुठली गोष्ट कुणाकडे जाणार हे बोलून घ्या. प्राधान्य प्रॉडक्ट ओनरचं, पद्धतीतली अडचण स्क्रम मास्टरची, माणसाची गोष्ट तुमची. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात प्रॉडक्ट ओनर तुम्हाला कॅन्टीनमध्ये गाठतो आणि म्हणतो, "तुमचा तो मुलगा स्लो आहे हो." मान डोलवू नका. कुठली स्टोरी, त्याला काय सांगितलं होतं, ते मध्येच बदललं का, हे विचारा. बऱ्याचदा असं निघतं की स्टोरी तीनदा बदलली आणि तो प्रत्येक वेळी मुकाट्याने पहिल्यापासून लिहीत बसला. मग बोलायचा विषय वेगळा: त्याला 'थांबा' म्हणता यायला हवं. ते शिकवणं तुमचं काम.

माणूस एका स्क्वॉडमधून दुसऱ्यात हलवायचा असेल तर आधी त्याला विचारा, मग दोन्ही प्रॉडक्ट ओनरना, आणि स्प्रिंटच्या मध्यावर कधीच नको. ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये गटाच्या चार अवस्था मांडल्या: जमणं, भांडणं, घडी बसणं, मग काम. एक माणूस बदलला तरी घडी थोडी विस्कटते. दर तिमाहीला पत्ते पिसणाऱ्या कंपनीत टीम सदा भांडणाच्याच अवस्थेत असते आणि वर विचारतात, डिलिव्हरी का होत नाही?

कॅलेंडर

याला लोक क्षुल्लक समजतात. अनंत चतुर्दशीच्या आसपास, पालख्या शहरात मुक्कामाला असताना, दिवाळीच्या आठवड्यात स्प्रिंटची क्षमता किती धरायची हे स्क्वॉड ठरवेल. पण रजांचे अर्ज तुमच्याकडे येतात, त्यामुळे एकाच स्क्वॉडमधले तिघे एकदम गावी चाललेत हे आधी तुम्हाला दिसतं. प्लॅनिंगच्या आदल्या दिवशी स्क्रम मास्टरला ते कळवा. रजा अडवू नका.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा क्लायंट असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात. त्यांचा सकाळी दहाचा कॉल, जो आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला होता, तो साडेआठला येतो. कुणी काही बोलत नाही, नुसतं जेवण पुढे ढकललं जातं, आणि हे मार्चपर्यंत चालतं. ऑक्टोबरमध्येच कॉल त्यांच्या नऊला आणायची मागणी करा. टीमने मागण्यापेक्षा तुम्ही मागितलेलं बरं दिसतं आणि बहुतेक वेळा मिळतं.

जिथे तुमची हद्द संपते

छळाची तक्रार कानावर आली तर स्वतः चौकशी करत बसू नका, दोघांना समोरासमोर बसवणं तर मुळीच नको. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि लेखी तक्रार घटनेपासून साधारण तीन महिन्यांत द्यायची असते. तक्रार करणारीला ही मुदत सांगा, समितीचा पत्ता द्या, लिहायला मदत हवी का विचारा, आणि तिचं नाव चहाच्या टेबलावर नेऊ नका. कुणी बाळंतपणाची रजा सांगायला आली तर अभिनंदन आधी, हँडओव्हर नंतर. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे हा तिचा हक्क आहे, तुमची मेहेरबानी नव्हे. आणि कुणाची मनःस्थिती खरंच बिघडलेली दिसली तर तुम्ही समुपदेशक नाही. डॉक्टरकडे जायला वेळ काढून द्या, त्या आठवड्याचं काम हलकं करा, तपशील खोदू नका.

राजीनामा

तो येणारच. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड आणि हातात दोन ऑफर, हे आपल्याकडचं नेहमीचं दृश्य आहे. पगारवाढीची पत्रं निघाली की पुढच्या सोमवारी एखादा मेल असतो. लगेच 'किती हवेत?' असं विचारू नका. कुठे चाललाय, तिथे काय काम मिळतंय, इथे ते का मिळालं नाही, हे ऐकून घ्या आणि वहीत लिहा. पैशासाठीच चालला असेल तर तेही लिहा, त्यात वाईट काही नाही, सगळ्यांचे हप्ते आहेत. स्क्वॉडला ही बातमी त्याने स्वतः सांगावी, आठवडाभरात. हँडओव्हरची यादी स्क्वॉड करेल.

तुम्ही बघायचं ते एवढं की उरलेले तीन महिने त्याला वाळीत टाकलं जात नाहीये. डिझाइनच्या चर्चेतून त्याचं नाव गळतं, जेवायला बोलावणं बंद होतं. पंधरवड्याचा वन-ऑन-वन शेवटपर्यंत चालू ठेवा. शेवटच्या भेटीत एकच प्रश्न विचारा: तुझ्या जागी येणाऱ्याला मी पहिल्या आठवड्यात काय सांगू? आमच्या नव्या माणसाच्या स्वागताच्या पानावर अर्ध्याहून जास्त ओळी अशाच जाणाऱ्यांनी दिलेल्या आहेत. कुठला सर्व्हर कधी रुसतो, कुणाला चॅटवर न विचारता थेट फोन करायचा, असल्या. मग रिलीव्हिंग लेटर निघालं का आणि शेवटचा हिशोब वेळेत जमा झाला का, हे एचआरला तुम्ही विचारा. गेलेल्या माणसाला त्यासाठी मेल टाकत बसायला लावू नका.